पंचनाम्याआधीची भिंत

वादळ ही समुद्रकाठच्या लोकांची गोष्ट, असं आम्ही समजत होतो. आमच्या चांदा जिल्ह्यात पूर येतो, वणवा लागतो, वाघ येतो, पटकी येते. समुद्र शेकडो कोस लांब. पण त्या वर्षी आश्विनात, दिवाळीला आठ-नऊ दिवस असताना, समुद्रावरचं एक वादळ तेलंगणाकडून चढत चढत आमच्या धानाच्या मुलखात आलं आणि तिथेच बसलं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती. राज्य मध्यप्रदेश, राजधानी नागपूर, आणि दोन्हींच्या यादीत आम्ही शेवटी.

मी बावीस वर्षांचा होतो. बल्लारपूरला कामगारांत पत्रकं वाटायचो, पुढे लिहायलाही लागलो होतो. पत्रकातलं एक वाक्य म्हणजे एक बुक्की, असं मला शिकवलेलं. दिवाळीसाठी म्हणून गावी आलो होतो. गाव सावली या मोठ्या गावापासून चार कोसांवर, वैनगंगेच्या अलीकडे, मोठ्या तलावाच्या पोटाशी. निम्मी घरं शेतकऱ्यांची, निम्मी तलावात आणि नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांची.

दोन दिवस पाऊस लागून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उगवतीकडून वारा सुटला. कवेलू, म्हणजे छपराची कौलं, पानांसारखे उडतात असं कोणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं, आणि ते खोटंच आहे. आधी ते खडखडतात, छपरावर माकडं चालल्यासारखे. मग एक ओळ किंचित उचलली जाते, परत बसते. पुन्हा उचलली जाते. माणूस खालून बघत राहतो आणि त्याला वाटतं, बसेल. तेवढ्यात सगळी बाजू एकदम निघते. दुपारपर्यंत गावात छपराखाली उभं राहणं भीतीचं झालं आणि बाहेर उभं राहणं अशक्य. तलावाचं पाणी वारा पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, इकडे फेकत होता. पाळ फुटली असती तर हे लिहायला मी नसतो. ढिवर आणि शेतकरी, दोघांनी मिळून अंधार पडेपर्यंत तिच्यावर माती आणि पळसाच्या फांद्या टाकल्या. पूर्वी मालगुजार हेच काम बेगारीत करून घ्यायचा. आता तलाव सरकारचा झाला होता आणि सरकार त्या दिवशी कुठे होतं, कोणाला ठाऊक नाही. पाळ टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा थांबला. कोंबडा आरवला नाही, किंवा उरला नसेल.

माझ्या आत्याचं घर तलावाच्या बाजूला शेवटचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गावातच दिलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोन बैल, एक गाय आणि नवऱ्याची दीड एकर धानाची बांधी, एवढा तिचा संसार, आणि तो ती कोणाच्या मदतीशिवाय करायची. दोन खणांचं घर. वाऱ्याने आधी कवेलू नेले, मग आढ्याचं मयाल, म्हणजे छप्पर तोलणारं लाकूड, मधोमध मोडलं, आणि मयाल पडताना समोरची आणि तलावाकडची, दोन्ही भिंती घेऊन पडलं. ती आणि गाय-बैल मागच्या कोठ्यात होते, म्हणून वाचले. कोठा बुटका, वाऱ्याला तो दिसलाच नसावा.

आत्या ढिगाऱ्यातून भांडी काढत होती. मी तिला अडवलं.

"आत्या, याले हात नको लावजो."

"काऊन?"

"पंचनामा होईन. साहेबाले पडलेलं दिसलं तर तो पडलं म्हनून लिहीन. तसं लिहिलं तरच जंगलखातं मयालाचं लाकूड देईन. नाई तर नाई."

"साहेब कधी येईन?"

"दोन-तीन दिवसांत."

"तू सांगतलं त्याले?"

"अर्ज देतो ना आज."

"म्हंजे त्याले अजून मालूमच नाई," ती म्हणाली आणि एक चेपलेला पाण्याचा पितळी गुंड मातीतून ओढून काढला.

लाकडाची गोष्ट अशी होती की लाकूड गावाच्या चारी बाजूंना पडलं होतं. शिवेवर साग आडवे, नाल्यात साग आडवे, सावलीच्या वाटेवर तर एकावर एक. वादळाच्या दुसऱ्याच दिवशी फॉरेस्टचा गार्ड हातोडा घेऊन फिरला आणि प्रत्येक पडलेल्या खोडावर त्याने शिक्का ठोकला. हातोड्याचा आवाज गावात ऐकू येत होता. वादळाने पाडलेलं झाड सरकारचं. वादळाने पाडलेलं घर मात्र ज्याचं त्याचं. हे वाक्य मी तेव्हाच मनात लिहून ठेवलं, पत्रकासाठी.

त्या दुपारी मी अर्ज लिहिला, गावचे अंगठे घेतले, चालत सावली गाठली, तिथून पुढे तहसिलीला गेलो. परत आल्यावर चावडीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं: पंचनामा होईपर्यंत पडलेल्या घरांना कोणी हात लावू नये. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवलं.

"आन् झोपाचं कुठी?" एका ढिवर बाईने विचारलं.

"थोडे दिवस. कोठ्यात, शाळेत, देवळात."

"दिवाळीले?"

"दिवाळी काय, दरसाल येते."

ती तिच्या जावेकडे वळली. "याले घर ना दार, ना बायको ना लेक. याले काय, चावडीवर लिहिलं का झालं." बायका हसल्या. मीही हसलो. माझं बरोबर होतं याची मला इतकी खात्री होती की हसणं परवडत होतं.

मग जे दिवस आले त्यांचं वर्णन करायला माझ्याजवळ पत्रकाची भाषा नाही. धान लोंबीवर होता आणि सगळा पाण्यात लोळला होता. लोळलेल्या धानाला दोन दिवस पाणी लागलं की लोंबीतच कोंब फुटतात, म्हणून गाव पहाटेपासून बांध्यांत. कमरेत वाकायचं, चार-पाच झुडपं एकत्र उचलायची, त्यांच्याच पात्याने बांधायची, उभी करायची, पुढे सरकायचं. दिवसभरात एक माणूस एका बांधीचा कोपरा उभा करतो. मागे वळून बघावं तर सकाळी उभे केलेले पुन्हा कललेले. तलाव ओसंडून मासे बांध्यांत आले होते, पायाला लागायचे. पहिल्या दिवशी पोरंटोरं ओरडत धरत होती. चौथ्या दिवशी त्या वासाने जेवण जाईना, आणि तरी तेच खायचं, कारण साठवलेले तांदूळ भिजून आंबले होते. रात्री आत्या एकटी नको म्हणून तिच्या कोठ्यात मी, आत्या आणि गुरं. बैल पाय हलवायचा तेव्हा आम्ही दोघं अंग आकसून घ्यायचो.

दोन-तीन दिवस म्हटलं होतं, सहा झाले. साहेब आला नाही. मी पुन्हा तहसिलीला जाऊन आलो. तिथला बाबू म्हणाला, तुमचं एकच गाव आहे का? मी म्हटलं, नाही, म्हणूनच लवकर निघायला पाहिजे होतं. तो म्हणाला, बोलायला छान शिकला आहात.

धनतेरसच्या दिवशी बांधीतून आलो तर आत्या पडलेल्या समोरच्या भिंतीच्या जागी बांबूची तट्टी उभी करत होती. शेजारचा ढिवर म्हातारा तिला खुंट ठोकून देत होता. खाली चिखल तुडवून तयार, त्यात शेण आणि धानाच्या तणसाचा भुसा.

"आत्या, मी काय सांगतलं होतं?"

"ऐकलं ना मी. सात दिवस ऐकलं."

"साहेब आता येईनच."

"येऊ दे. चार दिवसांवर भाऊबीज हाये. तुहा बाप येईन. त्याले कुठी ओवाळू?"

"आम्ही कोठ्यात येऊ. बाबाले काय चालत नाई?"

"त्याले चालन, मले नाई चालत. भावाले गुराच्या कोठ्यात पाटावर बसवत नाईत. बहिनीले घर असते म्हनून भाऊ येते." तिने चिखलाचा गोळा उचलून तट्टीवर थापला. "मयाल मोडलेलंच हाये ना? ते मी लपवलं का? मांगून पाह्य, सारं उघडं हाये. समोरून तरी घर दिसू दे."

ढिवर म्हातारा म्हणाला, "भाऊ, तुमी शिकलेले. पन बाईचं बरोबर हाये. सनाच्या दिवशी ढिगाऱ्यावर दिवा कोन लावते?"

मी गावात फिरलो. हीच गत सगळीकडे. कोणी तट्टी, कोणी पळसाच्या फांद्या, कोणी नुसती गोणपाटं ताणून त्यावर चिखल लिंपलेला. समोरची बाजू प्रत्येकाने उभी केली होती. वादळातून जी काही पांढरी माती उरली होती ती बायकांनी वाटून घेतली आणि भिंती पांढऱ्या केल्या. चावडीवरचं माझं वाक्यसुद्धा कोणीतरी पांढऱ्या मातीने सारवून टाकलं होतं. रागाने नाही. चावडीही सणाला सारवतात.

माझा राग कोणी मनावर घेत नव्हतं, याचा मला जास्त राग आला. पण सारवताना आत्याच्या तोंडावर वादळानंतर पहिल्यांदा जीव दिसला होता, हेही मी पाहिलं होतं. लक्ष्मीपूजन झालं, गाईंची पूजा झाली. भाऊबीजेला वडील त्या तट्टीपुढे पाटावर बसले, डोक्यावर आकाश. आत्याने ओवाळलं. लाखोळीची डाळ आणि भात होता, मासे नव्हते. त्या दिवशी तिने मासे घरात येऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला.

नायब तहसीलदार, बरोबर पटवारी आणि दप्तर धरलेला एक चपराशी. सायकली नाल्यापलीकडे टाकून चालत आले होते. साहेबाचे बूट पाण्याने फुगले होते आणि तो लंगडत होता. अंगात बारीक ताप असावा. आज लिहिताना हे सगळं आठवतं. त्या वेळी मला फक्त त्याच्या हातातला कागद दिसत होता.

गाव पांढरं होतं. दारांपुढे रांगोळ्या होत्या. पोलीस पाटलाने साहेबाला खाट टाकली, चहा दिला, फराळ म्हणून मुठीमुठीने जमवलेले पोहे दिले. साहेबाने विचारलं, घरं किती पडली? पाटील म्हणाला, "पडली साहेब, पन लोकांनं उचलली."

पटवारी लिहीत होता. मी मधे पडलो. म्हटलं, ही फक्त समोरची बाजू आहे, मागे चला. साहेब म्हणाला, चलू. पण तो रस्त्यावरूनच चालला, कारण घरांच्या मागे गुडघाभर चिखल होता. प्रत्येक दारापुढे थांबायचा, विचारायचा. आणि प्रत्येक दारात आमची माणसं जे बोलली ते मला आजही कानात बोचतं.

आत्याच्या दारात तो थांबला. "बाई, नुकसान काय झालं?"

आत्याने पदर सावरला. "तुमच्या दयेनं बरं हाये साहेब. सनाचे आले, बसा ना. चहा ठेवतो."

दिवाळीत दाराशी आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही. माझी आजी असंच करायची, तिची आईही तसंच करत असणार. उद्या यमदूत दारात उभा राहिला तर आमच्याकडची बाई त्याला आधी पाट देईल. मला हे माहीत होतं. मी त्याच घरात वाढलो. पण त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं की पटवारी म्हणतोय, "घर उभे."

"उभं नाही," मी म्हटलं. "ही तट्टी आहे. मागे काही नाही. मयाल मोडलंय. मागे येऊन बघा."

"बघतोच आहे," साहेब म्हणाला. "भिंत आहे, दार आहे. अजून सहा गावं आहेत मला. तुम्ही मधे बोलू नका."

"भिंत नाही ही."

"मग काय आहे?"

मी त्याला काय आहे ते दाखवलं. दोन्ही हात लावले आणि ढकललं.

चिखल अजून आतून ओला होता. तट्टी खुंटांसकट मागे गेली, चिखलाचे थर सुटले, आणि वर आत्याने बांबूंवर रचलेले थोडे कवेलू खाली आले. कोनाड्यासारखा एक खळगा तिने केला होता, त्यात पणती आणि ओवाळणीचं ताट होतं. ते गेलं. पलीकडे तलाव दिसायला लागला. कोणाला लागलं नाही.

मी म्हटलं, "आता लिहा."

साहेबाने कागद खाली केला. मग थकलेल्या आवाजात म्हणाला, "काय लिहू? वादळानं पडलं असं लिहू? माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही पाडलं. उद्या मला कोणी विचारलं तर?"

"मयाल तरी बघा. ते मी मोडलं नाही."

पटवारी त्या ढिगाऱ्यावरून आत गेला आणि मोडकं मयाल बघून आला. त्याने साहेबाच्या कानात काही सांगितलं. साहेबाने मान हलवली. पण जुनी ओळ खोडायला त्याने सांगितलं नाही, आणि शेरा काय लिहिला ते मला तेव्हा कळलं नाही. ते पुढच्या दाराकडे गेले. तिथली बाई म्हणाली, बरं हाये साहेब, बसा.

आत्याने खाली बसून ताट शोधलं, हळद-कुंकू चिखलात मिसळलं होतं तेवढी माती हाताने बाजूला केली, आणि कवेलूंचे तुकडे एका बाजूला, साबूत दुसऱ्या बाजूला लावू लागली. साबूत फार नव्हते. वडील रस्त्यावर उभे होते. त्यांना सगळं दिसलं होतं.

"हेही लिहिजो तुह्या पत्रकात," ते म्हणाले आणि बांधीकडे गेले.

पुढचे आठ दिवस मी तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या. सावलीपर्यंत पायी, तिथून मिळेल ते. बाबूने शेवटी कंटाळून पंचनामा वाचून दाखवला. घर उभे. शेरा: मयाल मोडलेले दिसले; समोरील भिंत अर्जदाराच्या भाच्याने पाहणीच्या वेळी समक्ष पाडली. लाकडाची परवानगी "पडले" असलेल्यांनाच. "मयाल मोडलेले" हे "पडले" नव्हे. मी वाद घातला. मला वाद घालता येतो, तेच माझं काम होतं. बाबू म्हणाला, भाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, वर अर्ज करा. मी वर अर्ज केला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आमच्या गावात तीन घरांना लाकूड मिळालं. तिन्ही घरं अशा माणसांची होती ज्यांच्यात ढिगारा उपसायची ताकद नव्हती: एक आंधळा म्हातारा, एक बाळंतीण जिचा नवरा आजारी, आणि एक ढिवर जो वादळात पाळीवर पाय मोडून पडला होता. त्यांची घरं साहेबाने जशी होती तशी पाहिली. म्हणजे माझं म्हणणं शब्दाशब्दाने खरं ठरलं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. बाकीच्या गावानेही मला दाखवलं नाही की त्यांना ते कळलंय. भारे बांधताना, खळ्यावर, सगळीकडे माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत होते, फक्त काही सल्ला विचारत नव्हते.

जिल्ह्याच्या संघटनेकडून निरोप आला: वादळावर पत्रक पाहिजे, लवकर. मी कागद घेऊन बसलो. झाड सरकारचं, घर ज्याचं त्याचं, हे वाक्य लिहिलं. पुढे आत्याचं घर लिहायला हवं होतं, सगळ्यात ठळक उदाहरण तेच. घर उभे, असा खोटा शेरा. पण तो शेरा पूर्ण लिहिला तर त्यात मी येत होतो, आणि अर्धा लिहिला तर तेही खोटं झालं असतं. दोन दिवस ते पान तसंच राहिलं. मग मी पूर्ण लिहिलं, मी ढकललं त्यासकट, आणि पाठवलं. त्यांनी ते छापलं नाही. लिहून कळवलं की यातून विरोधकांना मुद्दा मिळतो. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही छापलं नसतं.

धान निघाला, अर्धा कोंब आलेला, काळा पडलेला. मार्गशीर्षाची थंडी सुरू झाली आणि आत्या अजून कोठ्यातच होती. खोकत होती. एका सकाळी मी गेलो तर गाय-बैल बाहेर चिंचेखाली बांधलेले आणि ढिवर म्हातारा कोठ्याच्या छपरावर चढून बसलेला.

"काय करून राह्यले?"

"कोठ्याचं मयाल काढून राह्यलो," आत्या खालून म्हणाली. "बुटकं हाये. एका खनाले पुरन."

"आन् गुरं?"

"त्यायले उन्हाळ्यापर्यंत चिंच हाये."

"वाघ फिरते, आत्या."

"त्याचाही पंचनामा करशीन तू," म्हातारा वरून म्हणाला. आत्या हसली. मी तट्टी ढकलल्यानंतर ती माझ्यासमोर हसल्याचं मला तेच पहिलं आठवतं.

दोन खणांचं घर एका खणाचं झालं. मयाल बसवायला वडील आले, आणखी दोघे आले. मी चिखल तुडवला. ते काम कोणालाही करता येतं. चार दिवस सकाळपासून त्या थंड चिखलात पाय, तळव्यांना भेगा, त्यांत तणसाचं कूस. लिंपायला मात्र आत्याने मला दिलं नाही. मी एकदा गोळा उचलला तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, जणू मी चुकून दुसऱ्याची वस्तू उचलली होती. मीही पुन्हा उचलला नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या आधी चूल पेटली. घर इतकं लहान झालं होतं की चुलीपासून दारापर्यंत तीन पावलं. मला परत बल्लारपूरला निघायचं होतं. सावलीपर्यंतच्या वाटेवर ते साग अजून तसेच आडवे पडले होते, शिक्क्यांसकट, सालीखालून किडायला लागलेले. मी दारात उभा राहून म्हटलं, "जातो, आत्या."

"चहा पिऊन जाय."

मी आत गेलो, थकलो होतो, खाली बसलो.

"तिकडं सरक," ती म्हणाली, कपबशी पुसत. "भिंतीले टेकू नको. ओली हाये अजून."